नंबर, हुद्दा आणि नाव

आमच्या भागात पाटील-देशमुखांच्या सनदा वाड्यातल्या पेटीत असतात. इनामदारांची नावं निजामाच्या दप्तरात सापडतात. मोठ्या घराण्यांच्या वंशावळी भाट तोंडपाठ म्हणतात. पण ज्याला जमीन नव्हती, शाळा नव्हती, त्याचं नाव कागदावर यायला जागाच कमी. पीक नाही म्हणून पाहणीत नाव नाही. खरेदी नाही म्हणून दस्तात नाव नाही. मेलं तर कोतवालानं तोंडी सांगितलेलं अर्धं नाव मृत्यूच्या नोंदीत यायचं, तेही आलं तर आलं.

माझा आजा अशाच घरातला. पूर्णा तालुक्यातल्या एका खेड्यात, गावकुसाबाहेरच्या वस्तीत त्याचा जन्म झाला. त्याचं नाव मी इथं देत नाही. आमच्या जिल्ह्यात असे आजे गावोगाव होते. वाचणाऱ्यानं आपल्या आजाचं नाव तिथं घालून पुढं वाचावं. गावात त्याला कुणी पूर्ण नावानं हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. नावाची पहिली दोन अक्षरं आणि शेवटाला 'या'. आमच्या वस्तीतल्या सगळ्या पुरुषांची नावं अशीच शेपटीला 'या' लावलेली. त्या माणसाचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, पहिल्यांदा कुणी लिहिलं असेल तर ते पलटणीतल्या कारकुनानं.

आमच्या घरात एक वही होती. मळक्या कापडी पुठ्ठ्याची, तळहाताएवढी. उतरंडीतल्या खालच्या मडक्यात ती चिंधीत बांधून ठेवलेली असायची. आजी तिला 'फौजेचं बुक' म्हणायची. इंग्रजीत ते डिस्चार्ज बुक. फौजेतून सुटताना शिपायाच्या हातात दिलं जाणारं हे एवढंच पुस्तक. त्यात नंबर, हुद्दा, नाव, बापाचं नाव, गाव, ठाणं, जिल्हा, संस्थान, धर्म, जात, उंची, अंगावरच्या खुणा, कुठं कुठं नोकरी केली, वागणूक कशी होती, असे रकाने. आजाच्या बुकात अंगावरची खूण म्हणून डाव्या भुवईवरचा व्रण लिहिला होता. तो व्रण कशाचा, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पोरपणी पाटलाच्या खळ्यावर बैल उधळला आणि तिवड्याचा मार बसला. गावानं ज्या जखमेची दखल घेतली नाही, ती कामठीच्या छावणीत सरकारनं टिपून घेतली.

बुकावर पलटणीचं नाव आहे: महार रेजिमेंट, दुसरी बटालियन. या एका ओळीमागं बराच इतिहास आहे, आणि तो सांगितल्याशिवाय आजा कामठीला का गेला हे कळत नाही.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई पहिल्यापासून होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ भीमेच्या काठी उभा आहे. त्यावर कोरलेल्या नावांत शेवटी 'नाक' असलेली नावं बरीच आहेत. ती महार शिपायांची. फौजेतल्या नोकरीनं या माणसांना तीन गोष्टी दिल्या: रोख पगार, अक्षरओळख आणि म्हातारपणी पेन्शन. पेन्शन म्हणजे गावच्या बलुत्यावर न जगता आलेला पैसा. ज्याची भाकर गावाच्या हातात नाही तो गावाला प्रश्न विचारू शकतो. गोपाळबाबा वलंगकर हे फौजेचे पेन्शनर होते आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहिणाऱ्या पहिल्या माणसांत त्यांचं नाव येतं. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ महूच्या छावणीतल्या फौजी शाळेत शिकवायचे, तेही पेन्शनरच. चळवळीच्या मुळाशी पुष्कळ ठिकाणी एखादा पेन्शनचा कागद सापडतो.

ही वाट १८९२ साली बंद झाली. अमुक जाती लढवय्या आणि तमुक नाहीत, असा सिद्धांत इंग्रज अधिकाऱ्यांनी काढला आणि महारांची भरती थांबवली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, गरज संपली, आणि १९२१ साली तीही मोडली. पुन्हा वीस वर्षं दार बंद. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले, त्यांनी भरतीचा प्रश्न लावून धरला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी पुढच्या वर्षी कामठीला. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता.

आमचं गाव निजामाच्या राज्यात. कामठी मध्य प्रांतात, इंग्रजांच्या मुलखात. आजा तिथं कसा पोचला, हे आजीकडून ऐकलेलं आहे. पूर्णेहून हिंगोलीची छोटी गाडी तेव्हाही होती, पण ती हिंगोलीलाच थांबायची. तिथून पुढं वाशीम, अकोला, जमेल तसं. वाटेत वऱ्हाडात कापसाच्या वेचणीवर महिनाभर काम केलं. तिथल्या मजुरांत बोलणं चाललं होतं की कामठीला आपली पलटण उभी राहतेय. 'आपली' हा शब्द आजी दरवेळी जोर देऊन सांगायची. कारण तोवर गावात आपलं म्हणावं असं काही नव्हतं. पाण्याचा घाटसुद्धा नव्हता.

आजा घरात न सांगता गेला होता. चार-पाच महिने पत्ता नाही. मग गावात बातमी उठली की तो पळाला. कुणी म्हणालं, सावकाराच्या पैशाला भिऊन पळाला. कुणी म्हणालं, दुसरी बायको केली. आजी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल. सासू-सासऱ्यासोबत खळ्यावर जायची आणि लोकांचं ऐकायची. मग एक दिवस कलदार आले. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चालायचा. १०० कलदाराला साधारण ११६-११७ हाली पडायचे. म्हणजे इंग्रजी रुपया मोडताना वर काही हाती यायचं. आजी म्हणायची, "त्या रोजी सासऱ्यानं पैसे मोजले न्हाईत. कागदावर पोराचं नाव हाय का, येवढंच दोनदा इचारलं."

फौजेत आजा रोमन उर्दू शिकला. त्या काळात हिंदी शिपायांना इंग्रजी अक्षरांत लिहिलेली उर्दू शिकवायचे. त्यामुळं झालं असं, की आजाला देवनागरी येत नव्हती, पण इंग्रजी अक्षरं वाचता यायची. परत आल्यावर तो पूर्णा स्टेशनात मालगाडीच्या डब्यांवरची अक्षरं वाचून दाखवायचा आणि पोरं त्याच्या भोवती गोळा व्हायची. गावच्या शाळेत मात्र त्याच्या वेळेला ओसरीच्या खालीच बसावं लागायचं, म्हणून तो बसलाच नव्हता.

दुसरी बटालियन ब्रह्मदेशच्या मोहिमेवर गेली होती. आजा तिच्याबद्दल फार बोलायचा नाही. पाऊस, जळवा आणि खेचरं, एवढंच सांगायचा. ब्रह्मदेशात बुद्धाच्या मूर्ती आणि पिवळ्या चिवरातले भंते पाहिले होते, हे मात्र तो १९५६ नंतर पुन्हा पुन्हा सांगायला लागला. तोवर ते सांगायचं काही कारण नव्हतं.

युद्ध संपलं तेव्हा हिंदी फौजेत २५ लाखांच्या आसपास माणसं होती. शांततेच्या काळात एवढ्यांचं काय काम? पलटणी मोडल्या, माणसं घरी पाठवली. आजा १९४६ साली परत आला. हातात बुक, अंगावर खाकी कोट आणि थोडे पैसे. पेन्शन नाही. जवानाला पेन्शन बसायला १५ वर्षांची नोकरी लागते. युद्धापुरत्या भरती झालेल्यांची नोकरी चार-पाच वर्षांची. ती माणसं कागदोपत्री 'नॉन-पेन्शनर' झाली. आमच्या गावात तरी लोक त्याला 'पेन्शनवाला' म्हणायचे. वस्तीत त्याला 'फौजीबा' म्हणायला लागले. मळ्यातल्या लोकांच्या तोंडातलं 'या' मात्र गेलं नाही.

पुढच्या दोन वर्षांत तो कोट आणि ते बुक दोन्ही अडचणीची झाली. देश स्वतंत्र झाला, पण परभणी निजामाच्याच ताब्यात. रझाकारांचा काळ सुरू झाला. बंदूक धरता येणारा माणूस कोणत्या बाजूचा, हे प्रत्येकाला जाणून घ्यायचं होतं. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पत्रक काढून हैदराबादच्या अस्पृश्यांना निजामाची बाजू घेऊ नका असं सांगितलं होतं. पण पत्रक खेड्यापर्यंत कधी पोचतं? आमच्या वस्तीतली माणसं दोन्हीकडून धाकात होती. आजीनं कोट चुलीत घातला. बुक जाळायला आजानं नको म्हटलं. ते मडक्यात गेलं ते तेव्हा. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत हिंदी फौज आली आणि निजामशाही संपली. मडकं मात्र तिथंच राहिलं.

हे सगळं झालं ऐकलेलं आणि बुकातलं. आता कागदांकडं कसा गेलो ते सांगतो, कारण तेही आपल्याकडच्या लोकांच्या उपयोगाचं आहे.

राज्य सरकारनं पुढं दुसऱ्या महायुद्धातल्या बिगरपेन्शनर सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना महिन्याची मदत सुरू केली. आजा तोवर गेला होता. आजीसाठी अर्ज करायचा ठरलं. बुक बाहेर काढलं. तेव्हा कळलं, की बुकात बायको म्हणून जे नाव आहे ते आजीचं नाही. निदान आम्हाला ठाऊक असलेलं नाही. घरात क्षणभर सगळे गप्प झाले. ती 'दुसरी बायको केली' ही गावातली जुनी गोष्ट कुणाच्या तरी मनात आली असणार. आजी मात्र हसली. म्हणाली, "अरं, ते मपलं म्हायेरचं नाव. तुमच्या आजाला तेच आवडायचं."

आमच्याकडं लग्नात बाईचं नाव बदलतात. सासरचं नाव रेशनकार्डावर, मतदार यादीत, आधाराला लागणाऱ्या प्रत्येक कागदावर. माहेरचं नाव जाणणारी माणसं तोवर मेलेली. कचेरीतल्या बाबूनं दोन्ही कागद समोर ठेवले आणि म्हणाला, या दोन बाया वेगळ्या आहेत. त्याचंही खरं होतं. त्याच्यापुढं तर कागदच होते.

मग रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं. प्रत्येक रेजिमेंटचं असं ऑफिस असतं. महार रेजिमेंटचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. तिथं लिहिताना तीन गोष्टी लागतात: नंबर, हुद्दा आणि नाव. यातला नंबर सर्वांत मोलाचा. नाव इंग्रजीत कसंही लिहिलेलं असू शकतं, गावाचं स्पेलिंग तर ओळखूच येत नाही, पण नंबर एकाच माणसाचा असतो. नियम असा आहे, की पेन्शन न बसलेल्या शिपायाचे नोकरीचे कागद २५ वर्षं ठेवतात आणि मग नष्ट करतात. कायम राहतो तो 'लाँग रोल', म्हणजे भरती झालेल्या प्रत्येकाची एकेक ओळ असलेलं मोठं रजिस्टर. ज्याला पेन्शन बसलं त्याची फाइल राहते, पेन्शनचा हुकूम राहतो, वारसाचं नाव राहतं, दरवर्षीचा हयातीचा दाखला राहतो. ज्याला बसलं नाही त्याची एक ओळ राहते. आमच्याकडं उत्तर आलं ते त्या ओळीचं. नंबर बरोबर, नाव बरोबर, गाव ओळखू येण्यासारखं, भरती आणि सुटका बरोबर. बायकोचं नाव त्यात नव्हतंच.

दुसरा कागद जनगणनेचा. जनगणनेत आपल्या पूर्वजाचं नाव सापडेल असं पुष्कळांना वाटतं. अमेरिकेत ७२ वर्षांनी आणि इंग्लंडमध्ये १०० वर्षांनी जनगणनेचे मूळ तक्ते लोकांना खुले होतात. १९५० च्या गणतीचे तक्ते अमेरिकेनं २०२२ साली उघडले. तिथली माणसं घरबसल्या आजाचं घर, त्याचा धंदा, त्याचं वय शोधतात. आपल्याकडं तसं नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यानं माणसाची वैयक्तिक माहिती गुप्त ठेवलेली आहे आणि आकडे निघाले की चिठ्ठ्या राहत नाहीत. आपल्या हाती येतात ती फक्त बेरजांची पुस्तकं.

त्या बेरजाही वाचायला शिकलं पाहिजे. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ साली आठ लाखांच्या वर होती. १९०१ साली ती साडेसहा लाखांच्या आत आली. मध्ये दुष्काळ होता. दीड लाखाहून जास्त माणसं दहा वर्षांत कमी झाली. काही मेली, काही परागंदा झाली. माझ्या आजाचा बाप त्यातून वाचलेला. 'आपण मूळचे इथले न्हाईत, वरून आलाव' असं तो सांगायचा म्हणे. वर म्हणजे कुठं, ते त्यालाही माहीत नव्हतं. दोन आकड्यांमधल्या त्या खड्ड्यात आमच्यासारख्या किती घरांच्या वंशावळी पडल्या असतील, त्याचा हिशेब कुणाकडं नाही.

पण एका गणतीची नावं शिल्लक आहेत. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी चिठ्ठ्यांवरून गावोगाव एक रजिस्टर तयार केलं गेलं, नॅशनल रजिस्टर ऑफ सिटिझन्स. घराचा क्रमांक, घरातली माणसं, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, लग्न, शिक्षण, उपजीविका. मराठवाड्यात काही तहसिलींत हे रजिस्टर आजही रेकॉर्डरूममध्ये आहे. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला सरकारनं न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा हे रजिस्टर, खासरा पाहणी पत्रक, मोडी आणि उर्दूतली दप्तरं यांची नावं चहाच्या टपरीवर ऐकू यायला लागली. पण आमच्यासारख्यांना या कागदांची गरज त्याच्या कितीतरी आधी पडली होती.

नकलेचा अर्ज दिला, फी भरली, आठ-दहा हेलपाटे झाले आणि पान मिळालं. घर क्रमांक, त्याखाली चार नावं. आजाचा बाप, आजाची आई, आजा, आणि त्याची बायको म्हणून आजीचं सासरचं नाव. माझा बाप त्यानंतर जन्मला. उपजीविकेच्या रकान्यात आजाच्या नावापुढं 'मजुरी'. शिक्षणाच्या रकान्यात 'अशिक्षित'. कामठीला शिकलेली अक्षरं गणती करणाऱ्यानं धरली नव्हती, किंवा आजानं सांगितलीच नसतील. पाच वर्षांपूर्वीच्या सरकारी कागदावर जो शिपाई होता, तो या सरकारी कागदावर अशिक्षित मजूर.

त्या पानावर त्याच्या घरात बायको म्हणून एकच बाई होती. बुकातलं बापाचं नाव आणि पानावरचं बापाचं नाव एकच. एकट्या पानावर काम भागणार नव्हतं. दोन म्हाताऱ्या साक्षीदारांचे जबाब, तलाठ्याचा पंचनामा, आजीच्या माहेरच्या गावातल्या एका वृद्धाचं प्रतिज्ञापत्र, असं सगळं जोडलं. साक्षीदारांत एक जण पाटलाच्या भावकीतला होता. त्यानं जबाबात आजाचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. आजी बाजूला बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "आज त्याच्या तोंडून नाव निघालं बघ."

मदत मंजूर झाली. आजीनं ती काही वर्षं घेतली. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला तिला घेऊन जावं लागायचं. अंगठा उठवताना ती दरवेळी विचारायची, "आता कोणतं नाव लिवलं?"

तिसरा कागद या दोन्हींहून अवघड होता. तो धर्माचा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली. आजा गेला नव्हता. भाड्याला पैसे नव्हते. पण त्यानंतर वर्षभरात आमच्या वस्तीनं देव गोदावरीत सोडले. १९६१ ला गणती आली. गणतीला गावचेच एक गुरुजी होते, भले माणूस. त्यांनी सवयीनं विचारलं, "हिंदू ना?" आजा म्हणाला, "न्हाई गुरुजी. बौद्ध लिवा." गुरुजींनी समजावलं, की सवलती जातील. केंद्राच्या सवलती तेव्हा खरंच जात होत्या. १९५० च्या हुकमानं अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या होत्या, पुढं शिखांना त्यात घेतलं, बौद्धांना मात्र १९९० पर्यंत थांबावं लागलं. महाराष्ट्रानं आपल्यापुरत्या सवलती चालू ठेवल्या होत्या, एवढाच आधार. आजा म्हणाला, "फौजेत लिवलं ते तव्हाचं व्हतं. आता हे लिवा."

ही गोष्ट एका घरची नाही, हे जनगणनेच्या पुस्तकात दिसतं. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ साली बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ साली ते २७ लाख ८९ हजार झाले. दहा वर्षांत एवढा फरक पडलेला दुसरा रकाना मला त्या पुस्तकांत आढळला नाही. गावनिहाय आकड्यांत उलटं दिसतं. १९६१ च्या जिल्हा पुस्तकात आमच्या गावापुढं अनुसूचित जातीच्या रकान्यात थोडीच माणसं आहेत. परक्यानं वाचलं तर त्याला वाटेल, ही माणसं गाव सोडून गेली. ती कुठंच गेली नव्हती. आपापल्या घरात बसून त्यांनी रकाना बदलला होता.

याच्या पुढचं सांगायला मला जड जातं, पण ते सांगितलं नाही तर गोष्ट अर्धी राहील. माझ्या पुतणीला शिक्षणासाठी जात पडताळणी करायची होती. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. शिकलेल्या घरात तो आजोबाच्या शाळेच्या दाखल्यावर मिळतो. जमीन असलेल्या घरात जुन्या फेरफारावर मिळतो. आमचा आजा शाळेत गेला नव्हता आणि जमीन नव्हती. नंतर त्यानं दोन एकर गायरान वहितीला आणलं, पण त्या वहितीचा पुरावा म्हणजे अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या, आणि त्याही पुढच्या काळातल्या. १९५० च्या आधीचा, सरकारी शिक्क्याचा, त्याचं पूर्ण नाव आणि जात सांगणारा कागद आमच्याकडं एकच होता. फौजेचं बुक. त्यात लिहिलं होतं: धर्म हिंदू, जात महार.

जो शब्द आजानं १९६१ साली कागदावरून काढायला लावला, तोच शब्द नातवंडांच्या कामाला आला. पुतणीनं ते पान झेरॉक्स करून प्रकरणाला जोडलं. तिनं मला विचारलं, "काका, बाबांना हे आवडलं असतं का?" आमच्या घरात आजाला नातवंडं-पणतवंडं 'बाबा'च म्हणायची. मी तिला म्हटलं, त्यानं बुक जाळू दिलं नाही, एवढं मला माहीत आहे. ते का जाळू दिलं नाही, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला जातीच्या पुराव्याची गरज पडेल असं स्वप्नातही आलं नसणार. माझा आपला अंदाज असा, की त्या बुकात त्याचं नाव पुरं लिहिलेलं होतं म्हणून.

आजा आयुष्यभर एकाच गावात राहिला, युद्धाची वर्षं सोडली तर. पण कागदांवर त्याचा पत्ता तीन वेळा बदलला. बुकात निजामाचं हैदराबाद संस्थान. १९५१ च्या पानावर भारतातलं हैदराबाद राज्य. १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य. १ मे १९६० पासून महाराष्ट्र. गावाचं स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी वेगळं. धर्म दोन. उपजीविका दोन. बायकोची नावं दोन. हे सगळे कागद एकमेकांशेजारी ठेवले तरच एक माणूस उभा राहतो. एकेकटा कागद घेतला तर तो अर्धाच दिसतो, आणि कधी कधी भलताच कुणीतरी दिसतो.

म्हणून ज्यांच्या घरात असं बुक, मनीऑर्डरचं कुपन, पदकाची डबी किंवा पेन्शनचा हुकूम असेल त्यांना एवढंच सांगतो. पहिल्यांदा त्यावरचा नंबर वेगळ्या कागदावर उतरवून ठेवा. बुक वाळवीनं खाल्लं तरी नंबर राहिला पाहिजे. पदकाची कड भिंगाखाली बघा, कधी कधी तिथंही नंबर कोरलेला असतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, कोणत्या रेजिमेंटचं रेकॉर्ड कुठं हे तिथं सांगतात. तहसिलीत १९५१ चं रजिस्टर आणि खासरा पाहणी पत्रक आहे का, ते विचारा. नसेल म्हणाले तर लेखी मागा. आणि घरात जी सर्वांत म्हातारी बाई असेल तिला तिचं माहेरचं नाव विचारून, ते आजच तारखेसकट लिहून ठेवा. आमच्या आजीचं माहेरचं नाव तिच्या तोंडून कळलं तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती, आणि ते सांगू शकणारं दुसरं कुणी गावात उरलेलं नव्हतं.